ऊब बघणारी बाई

"पदर नीट घ्या, आत्याबाई. फोटू काढत्यात," सुधा कुजबुजली.

प्रयागबाईनं पदर इतका पुढं ओढला, की फोटोत नाकाचा शेंडा तेवढा आला असता. सुनेनं कपाळाला हात लावला.

तीस सप्टेंबर. शाळेच्या पटांगणात किल्लारीच्या भूकंपाचा फलक, त्याच्यापुढं पणत्या आणि मधल्या खुर्चीत दरसालच्या प्रयागबाई. आधी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, मग प्रयागबाईला शाल द्यायची, ही गावाची रीतच पडली होती. यंदा तर शाळेच्या नव्या वाचनालयाला तिचं नाव द्यायचं ठरत होतं. अक्षराशी तिची ओळख सहीपुरती, पण मान नाकारायचा तर कारण सांगावं लागतं.

तिची स्वतःची रीत निराळी होती. वर्षभर बसून ती एक गोधडी शिवायची. सगळं कापड नवं, ठिगळ एक नाही. गाळप सुरू झालं, की ऊसतोड मजुरांच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत नेऊन द्यायची. देण्याआधी चारी कडा बोटांनी चाचपायची, एकदा, दोनदा, तीनदा. "आमची आत्याबाई गोधडी देत न्हाय, पोरगी नांदायला धाडती," असं सुधा गावभर सांगायची.

मुख्याध्यापक रघुनाथ सर बोलायला उठले. गोष्ट त्यांना तोंडपाठ होती.

"मदतीचा पहिला ट्रक गावातनं दुपारी गेला. प्रयागबाईंनी त्यात गोधडी दिली. सांजेला त्यांच्या सासूबाई लेकीकडनं, काटेवाडीहून परत आल्या. त्यांना हे कळलं मात्र, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माउलीनं सुनेचा हात धरून तिला दुसऱ्या ट्रकात बसवलं! इंदापूरच्या पुढं पाऊल न टाकलेली बाई. आठ दिवस पावसात, चिखलात हिंडली. भूकंपग्रस्तांच्या शेडमध्ये शिरायचं आणि ज्याच्या-त्याच्या अंगावरची गोधडी हातानं चाचपून बघायची. का? तर ऊब पुरते का म्हणून!"

टाळ्या पडल्या.

"आणि सासूबाई? पुढं सहा वर्षं जगल्या, पण या कामाचा एका शब्दानं उच्चार नाही. थोर माणसं बोलून दाखवत नाहीत."

आणखी टाळ्या. प्रयागबाईच्या पायाची बोटं चपलेत आखडली.

सकाळीच ती सुधाला म्हणाली होती, "यंदा मला बोलायचं हाय."

"बोला की. पर रडू नगा. माइक भाड्यानं आणलाय."

आता तो माइक तिच्या पुढ्यात आला. रात्रभर घोकून तिनं दोन गोष्टी तयार ठेवल्या होत्या. एक हलकी, एक जड.

"मी चांगली गोधडी दिली न्हाय," ती म्हणाली. "तीन नव्या व्हत्या. त्या पेटीत ठेवल्या. सासूची जुनी, ठिगळाची उचलून दिली. सासू घरात न्हवती. तिला इचारलं बी न्हाय. म्हणलं, द्यायचीच हाय, तर जुनी जाऊ दे."

ही हलकी गोष्ट होती. जड गोष्टीसाठी तिनं श्वास घेतला.

तेवढ्यात रघुनाथ सर उभे राहिले. "बघा! एवढ्याशा गोष्टीची तीस वर्षं बोचणी! आजच्या काळात कोण कबूल करतं असं?"

सगळं पटांगण उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. सुधानं डोळे पुसले. माइक पुढं गेला, वाचनालयाचं नाव जाहीर झालं. प्रयागबाई खाली बसली. खरं तर तिला हायसं वाटलं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

मग पाया पडणाऱ्यांची रांग लागली. सगळ्यात शेवटी चाळिशीची एक अनोळखी बाई आली. वाकली, पण लवकर उठली नाही.

"मी सुप्रिया. बारामतीत नर्स आहे. माहेर किल्लारीकडचं. तुमचं पेपरात वाचलं."

प्रयागबाईनं पदर आणखी पुढं ओढला.

"तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्ही आमच्या शेडमध्ये आला होता. आईच्या अंगावर ठिगळाची गोधडी होती. बघताच तुम्ही ती ओळखलीत. चारी कडा चाचपल्यात आणि तिथंच चिखलात बसून रडायला लागलात. बाया म्हणाल्या, काय माया आहे बाईची!"

"लई वरसं झाली, बाय," प्रयागबाई कशीबशी म्हणाली.

"आई गेल्या महिन्यात गेली. जाताना हे तुमच्या हातात द्यायला सांगितलं."

सुप्रियानं इकडंतिकडं पाहिलं आणि शालीच्या आडून एक लहानशी पुरचुंडी तिच्या हातात दिली. कापड जुनं, ठिगळाचं. प्रयागबाईनं ती उघडली नाही. तिच्या बोटांनी कापडावरूनच चाचपली, एकदा, दोनदा.

"आईला माफ करा, मावशी." सुप्रियाची मान वर होत नव्हती. "गोधडीतल्या पाटल्या तिनं आदल्या दिवशीच उसवून पोटाशी बांधल्या होत्या. तुम्ही काय शोधत फिरताय, ते तिथं तिला एकटीलाच कळलं होतं."