पहिली बशी

अळूचं पान कच्चं राहिलं की तोंड खाजतं, म्हणून आमच्या खाणावळीत पातेलं बाहेर जाण्याआधी मीच चाखते. माझा शब्द अखेरचा. मोठ्या आजारपणात माझी जीभ बधिर झाली, पण कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. तेव्हापासून पहिली बशी नवऱ्यापुढे. हे खाकरले की पातेलं पुन्हा गॅसवर, गप्प राहिले की गिऱ्हाइकांपुढे. आज ह्यांनी बशी सावकाश संपवली आणि गप्प राहिले. मी ऐटीत पातेलं उचललं. “ठेव खाली,” हे म्हणाले. “कच्चं आहे.” “मग खाकरला का नाहीत?” मी फणकारले आणि लगेच जीभ चावली. “तुझ्या जिभेचं मला कधीच कळलंय. कच्चं असलं की मुद्दाम खाकरत होतो, आज मुद्दाम आवरलं. आता सरळ विचारत जा.” मी पातेलं गॅसवर ठेवलं, ह्यांची गल्ल्यावरची खुर्ची उचलून शेगडीशेजारी टाकली. चमचा मात्र सोडला नाही.