दुखरी बाजू

दारूची ओढ कमी करणारं इंजेक्शन महिन्यातून एकदा कुल्ल्यात घ्यायचं असतं. पहिलं सिस्टरने हॉस्पिटलात डावीकडे दिलं, तेव्हा बायको पडद्याशीच उभी होती. नवरोबा पुढे दोन दिवस लंगडले.

या महिन्यात मात्र "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणत ते एकटेच गेले. शनिवारी मित्राकडे पार्टी होती.

संध्याकाळी लंगडत, कण्हत घरी आले. बायकोने खुर्चीवर उशी ठेवली.

"फार दुखतंय?"

"विचारूच नकोस! डावी बाजू पार कामातून गेली."

तिने त्यांच्या चपला पुढ्यात सरकवल्या.



"चला परत. सिस्टर म्हणाल्या होत्या, या महिन्यात उजवीकडे."