आज किती आलं?

ऑनलाइन फोटो साठवणाऱ्या कंपन्यांवर भरवसा नको म्हणून मुलानं घरचे सगळे फोटो स्वतःच्या मशीनवर ठेवले होते. त्याच्या घराला उद्या आग लागली तरी ते वाचावेत म्हणून तसंच दुसरं मशीन आमच्या टीव्हीखाली बसवलं. तिकडे काढलेले फोटो रात्रीतून आपोआप इकडे यायचे, पण कुलूपबंद. पासवर्ड त्याच्याकडे. आम्हाला दिसायचा तो फक्त रात्रीत किती आलं याचा आकडा. पुढे आम्हा बापलेकांचं बिनसलं, बोलणं तुटलं. नात झाल्याचंही बाहेरूनच कळलं. मशीन मात्र इमानानं चालू राहिलं.

रोज सकाळी ही विचारायची, "आज किती आलं?"

मी आकडा बघून सांगायचो, "बरंच आलंय. वाढदिवस असेल." नाहीतर, "काहीच नाही. पोरीला ताप असेल." मग दिवसभर हिला जेवण जायचं नाही.

काल मुलाचा मेसेज आला. 'बाबा' नाही, काही नाही. "सगळं मोठ्या कंपनीकडे हलवलंय. तुमच्याकडचं मशीन टाकून दिलंत तरी चालेल."

आज सकाळी हिनं विचारलं, "किती आलं?"

"खूप," मी म्हणालो. "शाळेत जायला लागली वाटतं."

हिचा चेहरा फुलला. "गणवेश मोठाच घेतला असेल, वाढत्या अंगाचा."