फुली मारलेली मालकीण

रेवतीने वेबसाइटचे छोटे छोटे कच्चे आराखडे पेन्सिलीने कागदावर काढले आणि मालवणच्या खानावळीच्या मालकीण इंदुमती पाटकरांपुढे ठेवले. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम होतं.

पाटकरबाईंचा चेहरा उतरला. “सुरमईच्या ताटावर फुली, सोलकढीवर फुली. आणि हे काय? ‘मालकीण’ लिहून त्यावरही फुली?”

“अहो काकू, फुली म्हणजे तिथे फोटो येणार!”

“आमच्याकडे फुली म्हणजे नापास,” म्हणत बाई उठल्याच.

काम हातचं जातंय हे पाहून रेवतीने घाईघाईने नव्या चौकटीत अंबाडा, नथ आणि हसरा चेहरा काढला. बाई परत बसल्या. कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिल्या.

“वेबसाइट तुला हवी तशी कर गं,” त्या म्हणाल्या, “पण माझं नाक एवढं मोठं नाही.”