उलटे हँगर

हे लिहिणारच नव्हतो. घरातली गोष्ट, चव्हाट्यावर कशाला? पण राहवलं नाही.

दादाने घरात फर्मान काढलं, "कपाटातले सगळे हँगर उलटे लावा. जो कपडा घालाल, त्याचाच हँगर सुलटा करायचा. सहा महिन्यांनी जे उलटे राहतील ते कपडे देऊन टाकू, मगच नवीन खरेदी."

नेमकी त्याच आठवड्यात आमच्या धाकट्या भावाची नोकरी गेली. दादानेच शब्द टाकून लावलेली, त्यामुळे घरी सांगायची छाती होईना. दादा सातलाच बाहेर पडायचा. नऊला हा टी-शर्ट चढवून निघायचा आणि दिवसभर मित्राच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसून राहायचा. मित्र रोज डोकं खायचा, "अरे, सांग की घरी लेका!"

सहा महिन्यांनी एका रविवारी दादाने हाक दिली, "चला, कपाट उघडतोय!" तेव्हा कुठे धाकट्याला ते हँगर आठवले. ऑफिसच्या पाच शर्टांना त्याने हातही लावला नव्हता. तो धावत पोचला, तोवर दादा बघून मोकळा झाला होता.

"शाब्बास! ऑफिसचे पाचही सुलटे. माझेच निम्मे उलटे निघाले बघ."

धाकटा स्वयंपाकघरात गेला. वहिनी भाजी चिरत होती. मान वर न करता हळूच म्हणाली, "पाच सोमवार एकेक हँगर फिरवला मी, भाऊजी. तोंड मात्र तुमचं तुम्हीच उघडायचं."



त्याने मित्राला मेसेज टाकला, "आज जेवताना सांगतो. नक्की."