सगळं नॉर्मल

२००९ साली नोकरी सोडून विद्याधरने अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये स्वतःची कंपनी काढली, तेव्हा हेल्थ इन्शुरन्सही त्याचा त्यालाच घ्यावा लागणार होता. उशीर नको म्हणून या शहाण्याने, कुणी मागितले नसताना, अर्जासोबत पुण्यात सुट्टीत केलेल्या फुल बॉडी चेकअपचे रिपोर्ट जोडले. सगळं नॉर्मल!

दोन महिने ताटकळत ठेवल्यावर इन्शुरन्सवाल्या बाईंचा फोन आला.

"हृदयाची स्ट्रेस टेस्ट का केलीत? छातीत दुखत होतं?"

"छे! पॅकेजमध्येच होती. भारतात गेलं की आम्ही सगळेच करून येतो."

"काही होत नसताना कुणी हृदय कशाला तपासून घेईल? सॉरी, आम्ही तुम्हाला पॉलिसी देऊ शकत नाही."

"अहो, पण टेस्ट नॉर्मल आहे ना!" विद्याधर ओरडला, तोवर फोन बंद झाला होता.

तणतणत तो अंगणात आला. शेजारचा रॉन सिगरेट ओढत, खोकत पायरीवर बसला होता. त्याच कंपनीने त्याला आठवड्याभरात पॉलिसी दिली होती.

"तुला कशी दिली रे यांनी?"

"माझ्या नावावर एकही आजार सापडला नाही त्यांना," रॉन हसला. "सापडणार कसा? पंधरा वर्षांत डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. इन्शुरन्सच नव्हता ना!"