कंपोबा

“खरडू नको म्हणते ना,” दैवशालाबाई म्हणाल्या.

“आई, ही इंग्रजाच्या लेकराची कबर आहे. देऊळ नाही.”

“आसू दे. हात लावू नको.”

अर्पिताने गाडीतला पाना पुन्हा दगडावर चालवला. सकाळपासून आईने तिला बेजार केलं होतं. परभणीतून निघताना नारळ घ्यायला लावला. बोरीत गाडी थांबवून फुलं घेतली, आणि वर ‘एवढी घाई कशाची’ म्हणून विचारलं. आणि आता समोर हे. ज्या दगडासाठी ती पुण्याहून आली होती, तो वरपासून खालपर्यंत शेंदराने थापलेला. त्याला चांदीचे डोळे चिकटवलेले. पुढ्यात वाळलेली लिंबं आणि विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या.

कंपूचा, म्हणजे छावणीचा माळ म्हणतात याला. निजामाच्या फौजेला कवायत शिकवायला आलेल्या गोऱ्यांनी या भागात पहिल्यांदा घरं बांधली ती इथे, असं नाना सांगत. बंगला, विहीर, तबेला, आणि एका कडेला कबरी. नाना म्हणजे तिचे वडील, योगीराज गुरुजी. त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला आणि जन्मभर देवापुढे हात जोडले नाहीत. लहानपणी त्यांनी तिला सायकलवरून इथे आणलं होतं आणि या दगडावरची अक्षरं वाचून दाखवली होती. शार्लट, वय दोन वर्षं. पुढे तिने कितीदा म्हटलं, नाना, पुन्हा एकदा जाऊ. ते टाळत राहिले. “काय राहिलंय आता तिथं.”

फाल्गुनात नाना गेले. दहावा नको, तेरावा नको, फोटोला हारसुद्धा नको, हे त्यांनी बजावून ठेवलं होतं. ते पाळण्यासाठी अर्पिता सगळ्या भावकीशी एकटी भांडली. चुलत्यांनी बोलणं टाकलं. तिने कुठे हात जोडले नाहीत, कुठे माथा टेकवला नाही. आता ती नानांच्या लेखांचं पुस्तक काढत होती. मुखपृष्ठावर तिला हाच दगड हवा होता, त्यावरच्या नावासकट. नानांसाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

शेंदराची एक जाड खपली निघून पडली.

“ओ ताई! काय करायलाव?”

शेळ्या सोडून एक म्हातारी बांधावरून तरातरा आली. “म्या तानुबाई, हितलीच. हात लावू नका त्याला. कंपोबा हाय त्यो.”

“कोण?”

“कंपोबा! लय कडक हाय. ह्या माळावरले समदे दगड लोकायनी नेले. कुनी गोठ्याला घातले, कुनी पायरीला. पर ह्याला गाडीत घालाया गेला त्या गड्याचा बैल जाग्यावर मेला.”

“मावशी, हा देव नाही हो. इथे गोऱ्यांची दोन वर्षांची पोरगी पुरलीय.”

“मंग? लेकरू देव नसतंय व्हय?” तानुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “आन् पोरगी हाय म्हंता, तर कंपाई म्हनू. पर खरडू नका.”

अर्पिताचा धीर सुटला. “यासाठी घसा फोडला नानांनी? वर्षानुवर्षं याच गावांतली पोरं शिकवली, आणि त्यांच्याच दगडाला डोळे!” ती आईकडे वळली. “तू तरी सांग हिला. नाना असते तर काय म्हणाले असते?”

दैवशालाबाई नारळ पोटाशी धरून उभ्या होत्या. त्या तानुबाईला म्हणाल्या, “शेळ्या सोयाबीनात शिरल्या बघा तुमच्या.”

तानुबाई शिव्या घालत पळाली. पण पळतानाही मागे वळून बघत होती.

ती लांब गेल्यावर दैवशालाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “ह्याला पहिला शेंदूर त्यांनीच लावला.”

“कुणी?”

“तुझ्या नानांनी. तू हॉस्टेलला होतीस. एकेक करून सगळे दगड चालले होते. त्यांनी अर्ज केले, कचेऱ्या झिजवल्या. कुणी फिरकलं न्हाई. हा एकटा राहिला, तवा मला म्हणले, चल. पहाटं स्कूटरवर आलो दोघं. शेंदूर तेलात कालवतेत हे बी ठाऊक नव्हतं त्या माणसाला. पाण्यात कालवत बसले हितं. मग मीच घेतला हातात.”

अर्पिताने पाना दगडावरून खाली घेतला.

“बैलाचं मी उठवलं,” आई म्हणाली. “कुणाचा बैल मेला न्हाई का काही न्हाई. नुसत्या शेंदराला कोण भितंय? त्या दिवशी माघारी जाताना मला म्हणले, अर्पिताला कळू देऊ नको. तिच्यासमोर तोंड वर करता यायचं न्हाई मला.”

खपली निघाली होती तिथे काळा दगड उघडा पडला होता. त्यात एका अक्षराची कड दिसत होती. अजून थोडं खरवडलं असतं तर नाव वाचता आलं असतं.

“काय ठरलं ओ ताई?” सोयाबीनच्या कडेवरून तानुबाई ओरडली. “खरडताव का काय?”

संध्याकाळी गावभर तीच सांगणार होती. शहरातली बाई आली, तिनं कंपोबा खरडला, आणि तिला काही म्हणता काही झालं नाही.

अर्पिताने पाना गवतात टाकला. मग तानुबाईला लांबूनही नीट दिसावं अशा बेताने तिने दोन्ही हात जोडले, गुडघे टेकले, आणि नानांच्या देवापुढे माथा टेकवला.